नागिणीनंतरची आग



नागीण उठली की घरच्यांना धास्ती पडते ती वेढा पूर्ण होण्याची. तोंड शेपटीला भेटलं की माणूस वाचत नाही, असं आपल्याकडे सांगतात. खरं तर हा कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो कण्यालगत नसेच्या गाठीत दडून राहतो आणि उतारवयात त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. नस अंगाच्या एकाच बाजूची, त्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही.

काळजी करायची ती फोड वाळल्यानंतरची. काहींची आग तीन महिने उलटले तरी थांबत नाही. सदरा घासला तरी जीव कळवळतो, रात्रभर डोळा लागत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनच्या गोळ्या असतात. पण म्हाताऱ्या माणसाला त्यांनी गुंगी येते, तोल जातो. अशा वेळी नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे दुखऱ्या नसेजवळ सुई देऊन ती बधिर करण्याचा, विचार होतो.

यात वापरतात ते लिग्नोकेन तुम्हाला परकं नाही. दात काढताना हिरडीत टोचतात, तेच. १९४३ साली स्वीडनमध्ये ते तयार झालं. सोडियमचे कण नसेत शिरले की वेदनेचा निरोप पुढे सरकतो. हे औषध त्यांची दारंच लावून घेतं. छातीवरच्या नागिणीत डॉक्टर सोनोग्राफीत पाहत सुई बरगडीच्या खालच्या कडेशी नेतात, कारण नस तिथूनच जाते. फुप्फुस तिथून जेमतेम काही मिलिमीटरवर, म्हणून हे काम सरावलेल्या हातांचंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनानं बंद करू नका.

अंमल काही तासांचाच. मग एवढा खटाटोप कशाला? एक तर दुखणं नेमकं कोणत्या नसेचं, हे कळतं. शिवाय काहींना औषध उतरल्यावरही बरेच दिवस आराम राहतो. सगळ्यांना नाही. ‘एका सुईत कायमचं बरं करतो’ म्हणणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

आणि फोड दिसताच गेरूचा लेप लावून आठवडा घालवू नका. विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. त्यानंतरही आग राहिली, तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या अनेक रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पेन क्लिनिक चालवतात. केसपेपर काढताना तिथली चौकशी करा.