एक दिवस, अनेक सने



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. तारखेतले साल चुकले तर चेक परत जातो. म्हणून आज सालाविषयीच चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

आपल्या दिघीसमोर खाडीपलीकडे जंजिरा आहे, आणि रायगड आपल्याच जिल्ह्यात आहे. १६७४ साली या टापूत रायगडावर मराठे, जंजिऱ्यात सिद्दी, रेवदंड्याला पोर्तुगीज आणि मुंबईत इंग्रज होते. त्या वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या लेखी ती ६ जून होती, तर पोर्तुगिजांच्या लेखी १६ जून. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये केलेली सुधारणा पोर्तुगिजांनी लगेच मानली. इंग्रजांनी ती १७५२ साली मानली. तोपर्यंत हा दहा-अकरा दिवसांचा फरक राहिला.

खरी गंमत पुढेच आहे. त्या दिवशी हिजरी सन १०८५ चालू होता. मराठी कागदांतला शुहूर सन मात्र 'खमस सबैन अलफ', म्हणजे पाच, सत्तर व हजार मिळून १०७५. दोन्हींचे महिने तेच, आकड्यांची नावेही अरबी. मग दहा वर्षे गेली कुठे?

उत्तर गणितात आहे. १३४४ साली दोन्ही सनांचा आकडा ७४५ असा एकच होता. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. शुहूर वर्ष सूर्याचे, मृग नक्षत्राबरोबर सुरू होणारे. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शेतसारा पिकावर येतो आणि पीक पावसावर, तेव्हा कारभाराला सूर्याचेच वर्ष सोयीचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक साठत ३३० वर्षांत दहा वर्षांचा झाला.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: शुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळविले की इसवी सन येतो. १९५६ साली आपण २५०० वी बुद्धजयंती साजरी केली; त्या हिशेबाने १६७४ ची जयंती २२१८ वी ठरते.

जुना कागद हाती आला की आधी सन कोणता ते पाहावे, मग आकडा वाचावा. नुसत्या '१०७५' वरून तो हिजरी समजला, तर राज्याभिषेकाचा कागद दहा वर्षे मागे जाईल आणि त्यावर रचलेला सगळा इतिहास खोटा ठरेल. सहा जून की सोळा जून यावर भांडणाऱ्यांनाही हेच सांगावे की दिवस एकच आहे, मोजणारे निराळे आहेत. दुसऱ्याने लावलेला हिशेब स्वतः पडताळून मगच मानावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.