नाव गावाचे, खूण आपली
(हातकणंगले येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व लघुउद्योजकांसमोर केलेले भाषण)



हातकणंगले तालुक्याची ओळख आपणांस करून देण्याची आवश्यकता नाही. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी आणि शिरोलीचे ओतकाम यांनी या तालुक्याचे नाव दूरवर नेले आहे. तथापि एक गोष्ट मनास लागल्यावाचून राहत नाही. हुपरीच्या कारागिराने घडविलेले पैंजण परप्रांतीच्या पेढीत बहुधा त्या पेढीच्या नावाने विकले जाते. इचलकरंजीच्या मागावर विणलेले कापड अनेकदा दुसऱ्या शहरी रंगते आणि तेथील व्यापाऱ्याची छाप घेऊन बाजारात येते. श्रम आपले, नाव दुसऱ्याचे! नावाबरोबर नफ्याचा मोठा वाटाही जातो.

म्हणूनच आज गावोगावचे तरुण आणि महिला बचत गट आपला माल आपल्या नावाने विकू पाहतात, ही स्वागतार्ह घटना होय. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न असतो, की बोधचिन्ह, वेष्टन, पाटी कोणाकडून करून घ्यावी आणि त्यावर किती खर्च करावा? काही शे रुपयांपासून काही लाखांपर्यंत दर सांगणारे भेटतात. माझे सांगणे इतकेच, की चित्राकडे वळण्यापूर्वी नाव आणि मजकूर पक्के करावेत. आणि चित्राचे पैसे चुकते करण्यापूर्वी हक्क पक्के करावेत.

प्रथम नावाविषयी. याच तालुक्यातील यळगूडच्या सहकारी दूध संस्थेने आपल्या गावाचेच नाव दुधाच्या पिशवीवर घेतले. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचे ‘गोकुळ’ हे नाव तर घरोघरी रुळले आहे. दोन्ही नावे लहान, उच्चारास सोपी. त्यांचे बळ चित्रात नाही, पिशवीतील दुधाच्या रोजच्या प्रतीत आहे. मात्र व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार केवळ स्थलवाचक शब्दावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. यास्तव गावाच्या नावाजवळ स्वतःचा वेगळा शब्द असावा. तो शब्द आधी कोणी नोंदविला आहे काय, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. वैयक्तिक अर्जदारास किंवा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. इतरांस ते ९,००० रुपये पडते. नोंदणी १० वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव अथवा चित्र व्यापारासाठी वापरण्यास १९५० च्या बोधचिन्हे व नावे अधिनियमाने प्रतिबंध केला आहे. महाराजांविषयीचा आदर आपल्या अंतःकरणात असावा. तो पापडाच्या पाकिटावर नसावा.

दुसरी गोष्ट मजकुराची. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे हवे. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा परवान्याचा अथवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक हवा, शाकाहारी पदार्थास हिरवी खूणही हवी. सुंदर वेष्टन छापून आल्यावर यांतील एखादी ओळ राहिल्याचे ध्यानात आले, तर सारा छापील माल वाया जातो. चांदीच्या बाबतीत शुद्धतेची खूण हाच खरा मजकूर. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांसाठीही हॉलमार्कसोबत सहा अंकाक्षरांच्या ओळखक्रमांकाची ऐच्छिक सोय सुरू झाली. कोणत्याही रंगीत डबीपेक्षा ती गिऱ्हाइकाचा विश्वास अधिक मिळवील.

आता चित्र. चित्रकारासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ज्या कोल्हापुरात रंगविली, तेथे कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्‌स यांसारख्या संस्थांतून आजही चित्रकार घडत आहेत. त्यांपैकी एखाद्यास काम द्यावे. त्याने पूर्वी केलेली कामे आधी पाहावीत. संगणकास सांगताच क्षणात चित्र मिळते हे खरे. परंतु तसेच चित्र उद्या शेजारच्या दुकानावरही दिसू शकते. चिन्ह पसंत करताना ते रुपयाच्या नाण्याएवढे लहान करून, एकाच रंगात छापून पाहावे. तरीही ओळखू आले तर ते उत्तम. आरंभी पिशव्याच छापून घेण्यापेक्षा साध्या पिशवीवर चिकटपट्टी लावणे स्वस्त पडते, आणि मजकूर बदलल्यास नुकसानही थोडे होते.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हक्काची. आपण पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. स्वतंत्र चित्रकाराने काढलेल्या बोधचिन्हाचा स्वामित्वहक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो लेखी करारानेच आपल्याकडे येतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. तेव्हा एका कागदावर हक्क, मुदत, मोबदला व किती वेळा दुरुस्ती करून मिळेल हे लिहून सह्या घ्याव्यात, आणि कितीही मोठी केली तरी न बिघडणारी मूळ फाईल ताब्यात घ्यावी.

समाईक नावाचेही रक्षण करावे लागते. कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन आहे. तरीही जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशीच पादत्राणे कोल्हापूरचा उल्लेख न करता मांडली. टीका झाल्यावर तिने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. मानांकनाचा लाभ पदरात पडावा, यासाठी प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद केली पाहिजे.

या कामी आपणां सर्वांचे साहाय्य हवे आहे. चित्रकला शिक्षकांनी बचत गटांची चिन्हे पारखून द्यावीत. ग्रामपंचायत सदस्यांनी चार गटांची छपाई एकत्र करवून घ्यावी, म्हणजे प्रत्येकाचा खर्च घटेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी उद्यम नोंदणीसाठी मार्गदर्शन करावे. तिला शुल्क नाही. या तालुक्यातील हातांना कसब शिकविण्याची गरज नाही. त्या कसबाखाली त्यांची स्वतःची सही उमटावी, एवढेच आपणांस करावयाचे आहे.