सदरा कोण शिवतो?

दुकानातून तयार सदरा आणताना तुम्ही काय पाहता? रंग, माप, किंमत. फार तर कॉलर चिमटीत धरून पाहता. आता एकदा बाही खांद्याला जिथे जोडली आहे, तिथली शिवण आतून उलटून पहा. आज मला जे सांगायचे आहे त्यातला सगळा पेच त्या वीतभर शिवणीत आहे.

तयार कपड्यांच्या कारखान्यात यंत्रे बरीच पुढे गेली आहेत. पूर्वी कटिंग मास्तर पुठ्ठ्याचे नमुने कापडावर मांडी, खडूने आखी, आणि चिंध्या कमीत कमी निघतील असे बेती. ती त्याची विद्या. मोठ्या कारखान्यांत आता ही मांडणी संगणकावर होते. व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ गर्बर या अमेरिकन इंजिनियराने १९६९ साली संगणकाच्या हुकमाने कापड कापणारे यंत्र आणले. त्याची युक्ती मोठी मजेदार आहे. कापडाचे थरावर थर टाकायचे, वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा पसरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. गठ्ठा दबून फळीसारखा ताठ होतो. मग पाते कसे फिरते म्हणता? सुरीने वडी कापावी तसे. पुढे काज करणारी, बटण लावणारी, खिसा दुमडून बसवणारी, शिवण संपताच दोरा तोडणारी यंत्रेही आली.

मग सबंध सदरा यंत्रानेच का होऊ नये? आडवे येते ते कापड. लोखंडाची पट्टी ठेवाल तिथे राहते. कापड लोंबते, ताणते, सुरकुतते. गठ्ठ्यातला एकच थर उचलणे बोटांना सोपे, यंत्राला संकट. त्यातून बाही जोडायची म्हणजे एका तुकड्याचा बाक बाहेरचा, दुसऱ्याचा आतला. यंत्रावरची बाई दोन्ही कडा जुळवता जुळवता एक किंचित सैल सोडते, दुसरी किंचित ओढते. किती, असे विचाराल तर तिला सांगता येणार नाही! २०१६ साली अमेरिकेत 'सेवबो' नावाच्या प्रयोगात यंत्रमानवाने टी-शर्ट शिवला खरा. पण आधी कापड पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्याने ताठ करावे लागले, आणि शिवल्यावर ते धुऊन काढावे लागले. पुन्हा तेच, कापडाची फळी! धोतराला खळ घालणारी आपली आजी हे ऐकून हसली असती.

पण हाताची जीत झाली म्हणून फार खूष होऊ नका. हात टिकला तो जसा कसबामुळे, तसाच स्वस्त पडतो म्हणूनही. मजुरी कमी असेल तिथे महागडे यंत्र घ्यायची मालकाला घाई नसते. शिवाय पहिला घाव बाही जोडणारीवर पडत नाही. तो पडतो धागे तोडायला बसलेल्या बायकांवर. त्यांना शिवणयंत्रावर बसायला शिकवले तर ठीक. न शिकवले तर?

फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिये या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पॅरिसात त्याच्या यंत्रांवर लष्कराचे गणवेश शिवले जाऊ लागले, तेव्हा १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे फोडून टाकली. आणि पुढे शिवणयंत्र हेच शिंप्याचे पोट झाले. हा दाखला यंत्राचे कैवारी हटकून देतात. त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. पुष्कळ ठिकाणी ते यंत्र शिंप्याच्या घरात आले, त्याच्या मालकीचे झाले, आणि सबंध सदरा त्याला येतच होता. कारखान्यात वर्षानुवर्षे नुसती कॉलर शिवणाऱ्या मुलीचे तसे नाही. यंत्र मालकाचे, आणि सदरा बेतायला तिला कोणी शिकवलेलेच नसते.

तुमच्या ओळखीची कोणी अशा कारखान्यात जात असेल, तर तिला विचारून पहा. नवे यंत्र आले तेव्हा धागे तोडणाऱ्या बाया कुठे गेल्या? आणि तिला स्वतःला बाही जोडता येते का, हेही विचारा.