मृतदेहाचा मान आणि आपला कायदा
(सावेडी, अहिल्यानगर येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



मर्तिकाचा सांगावा परगावी पोचविणे, सरणाची लाकडे वाहणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे गावगाड्याने आपल्या वाडवडिलांच्या माथी मारली होती. मोबदला काय, तर प्रेतावरचे वस्त्र! दुसऱ्यांची सरणे वाहणाऱ्याच्या स्वतःच्या प्रेताला मात्र गावच्या स्मशानात जागा नसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा देऊन ही लाचारी आपल्या मनातून उपटून काढली. १९५८ च्या कायद्याने महारवतनही गेले. परंतु प्रेतयात्रा अडविणारे अजून आहेत. म्हणून कायदा जाणून घ्या.

भावना दुखावण्याच्या हेतूने, किंवा त्या दुखावतील हे ठाऊक असूनही, प्रेताची विटंबना करणे, स्मशानात अतिक्रमण करणे वा अंत्यविधीत व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हेच दंडविधानाचे कलम २९७ होते. पुरावा नाहीसा करण्यासाठी प्रेत लपविणे हा निराळा गुन्हा होय. आपल्याच जिल्ह्यातील सोनई येथे २०१३ साली तीन दलित तरुणांचे खून करून प्रेते शौचालयाच्या टाकीत व विहिरीत टाकली गेली. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरविले.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जातीच्या माणसास स्मशानाचा बरोबरीने वापर करू न देणे, अथवा प्रेते वाहावयास वा थडगी खणावयास लावणे, ह्यास आता सहा महिने ते पाच वर्षे कैद व दंड आहे. “तुम्ही बौद्ध झालात, हा कायदा तुम्हांस कोठला?” असे कोणी म्हटल्यास सांगा, १९९० पासून अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश आहे. जातीचा दाखला मात्र घरात तयार ठेवा.

कोणी विचारील, देह अनित्य आहे असे तथागत सांगतात, मग प्रेताचा एवढा आग्रह का? बंधूंनो, प्रेतास अपमान कळत नाही. तो मागे राहिलेल्यांचा केलेला असतो. प्रतिष्ठेचा हक्क मृतदेहासही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले आहे.

म्हणून वाट अडविली तर हातघाईवर येऊ नका आणि प्रेत घेऊन मुकाट परतूही नका. वेळ, जागा, साक्षीदार लिहून ठेवा व फिर्याद द्या. ठाण्यात ती घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा. आणि बेवारस प्रेत दिसले, तर त्याची जात न विचारता त्याला खांदा द्या.

जय भीम!