पावती कुणाच्या नावाची?



जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या, थोडा वेळ माझ्याजवळ बसा. आज मी तालमीविषयी बोलणार आहे. 'तालमीशी आपला काय संबंध?' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आजवर आपण तेच म्हणत आलो, म्हणूनच बोलायचं आहे.

आपल्या जत भागात कुस्ती काय असते हे कुणाला सांगावं लागत नाही. जत्रा आली की मैदान आलंच. मैदानाची वर्गणी घरटी असते, म्हणजे ती तुमच्या-माझ्या संसारातूनच जाते. पैलवान पोराच्या खुराकाचं दूध आपण तापवतो, बदाम आपण वाटतो. आखाड्याच्या मातीत घालायला हळद, ताक, तेल, लिंबू लागतं, तेही आपल्याच घरातून जातं. तालमीत आपलं सगळं जातं, फक्त आपण जात नाही.

माझी नात बारा वर्षांची आहे. अंगानं दणकट, पायात वारं. टीव्हीवर कुस्ती बघून तिनं हट्ट धरला, 'आज्जी, मला कुस्ती शिकायची.' माझा मुलगा तिला गावातल्या तालमीत घेऊन गेला. वस्ताद माणूस भला. नाही म्हणाले नाहीत. पण म्हणाले, "मावशी, पोरगी गुणाची हाय, मी शिकवतो. पण आत मारुतीरायाचं ठाणं हाय, पोरं लंगोटावर असत्यात. उंबऱ्याच्या आत नको." मग बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी मॅट टाकली आणि पोरांचा सराव उरकल्यावर आठवड्यातून तीन दिवस तिचं शिक्षण सुरू झालं.

मी फी भरायला गेले. पूर्ण फी घेतली. पावती बघितली तर तिच्यावर माझ्या मुलाचं नाव. मी विचारलं, "शिकते ती आणि पावती बापाची?" तर उत्तर आलं, "सभासदाच्या वहीत पोरीचं नाव लिहायची आपल्याकडं रीत न्हाई."

मला वाटलं, जाऊ द्या, कागदाचं काय एवढं! पण कागदाचं काय असतं ते पावसाळ्यात कळलं. शेड गळायला लागली, मॅट भिजली, पंधरा दिवस सराव बंद. शेड दुरुस्त करायची की आतली भिंत रंगवायची, हे सभासदांच्या बैठकीत ठरलं. भिंत रंगली. शाळेच्या नावावर नात तालुक्याला खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. हरण्याचं दुःख नाही, खेळ म्हटलं की हरणं आलंच. पण येताना एसटीत ती म्हणाली, "आज्जी, ती पोरगी रोज आत सराव करते. मी तीन दिवस, ते पण पाऊस नसला तर."

मैत्रिणींनो, येऊ देणं आणि सभासद करून घेणं यात केवढं अंतर आहे ते मला त्या एसटीत समजलं. येऊ दिलेल्या माणसाला उद्या 'येऊ नको' म्हणता येतं. सभासदाला तसं म्हणता येत नाही, आणि त्याला मत असतं.

हे आपल्याकडंच आहे असं समजू नका. साहेबाच्या देशातही हेच होतं. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज गावात गोल्फचा एक नामांकित क्लब आहे, 1754 साली सुरू झालेला. गावातल्या मैदानावर बायका खेळत होत्या, पण क्लबाच्या सभासद होऊ शकत नव्हत्या. 2014 साली मतदान झालं आणि 260 वर्षांनी दार उघडलं. तिथलाच मुइरफिल्डचा दुसरा क्लब 2016 साली 'नाही' म्हणाला. बायका आल्या तर खेळ रेंगाळेल, दुपारच्या जेवणाची व्यवस्था बिघडेल, असं काही सभासदांनी लेखी कळवलं होतं! मग 'यापुढं मोठी स्पर्धा तुमच्याकडं होणार नाही' असं वरून सांगण्यात आलं. वर्षभरात पुन्हा मतदान झालं आणि 2017 साली तेच सभासद 'हो' म्हणाले. जेवणाची व्यवस्था काही बिघडली नाही.

आता आपल्या कुस्तीकडं या. बायका कुस्ती खेळू शकतात का, हा प्रश्न फार पूर्वीच सुटला आहे. हमीदा बानू नावाच्या बाईनं 1954 साली बडोद्यात बाबा पैलवानाला दोन मिनिटांच्या आत हरवलं होतं. पण एका पुरुष मल्लाबरोबर ठरलेली तिची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली होती. ताकद तिच्याकडं होती, ठरवायचं दुसऱ्यांच्या हातात होतं. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती 2004 साली आली. 2016 साली साक्षी मलिकनं कांस्यपदक आणलं. आपल्या महाराष्ट्र केसरीचं बघा. पुरुषांची स्पर्धा 1961 पासून चालू आहे. महिलांची पहिली झाली 2023 च्या मार्चमध्ये, आणि कुठं झाली? आपल्या सांगलीत! गदा कुणी उचलली? आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं. त्या दिवशी गावोगावच्या तालमींनी अभिनंदनाचे फलक लावले. फलकावर लेकीचा फोटो चालतो, मग वहीत नाव का चालत नाही?

त्याच 2023 साली देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या, लैंगिक छळाची तक्रार घेऊन. पदकं जिंकलेल्या मुलींना दाद मागायला रस्त्यावर बसावं लागलं. म्हणून मी म्हणते, आखाड्यात मुली असून भागत नाही, कमिटीतही बाई पाहिजे.

कुणी मला विचारेल, 'तुमच्या बचत गटात तुम्ही पुरुषांना घेता का?' प्रश्न रास्त आहे. मी त्यावर बराच विचार केला. बचत गट आपण काढला, कारण आपल्या नावानं कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं. आपल्या गटामुळं कुठल्या पुरुषाची वाट अडली नाही, त्याला सोसायटी आहे, बँक आहे. पुरुषांचं वेगळं भजनी मंडळ असलं तरी माझी हरकत नाही, बायकांचंही वेगळं असतंच. पण गावात तालीम एकच असते. माती एकच, वस्ताद एकच, आणि वर्गणी सगळ्या गावाची. ते दार बंद झालं की मुलीला दुसरं दार नसतं. फरक एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

वस्तादांचंही मी ऐकून घेते. वयात आलेली पोरं लंगोटावर असतात, तिथंच अंघोळ, तिथंच मालिश. संकोच दोन्हीकडं असतो. मग वेळ वाटून घ्या. पहाटे पोरं, संध्याकाळी पोरी. कपडे बदलायला दार लागणारी खोली करा. पोरींच्या सरावाला एखादी जाणती बाई हजर ठेवा. मारुतीरायाचं म्हणाल, तर त्याला तेल आपणच घालतो दर शनिवारी, तेव्हा कुणी अडवत नाही.

आता आपण काय करायचं ते सांगते. एक, पोरीची फी भरली की पावती तिच्याच नावाची मागा. दोन, आपली तालीम नोंदणीकृत संस्था आहे का ते विचारा. असेल तर तिची नियमावली असते. सभासद फक्त पुरुषच, असं तिच्यात खरंच लिहिलंय का, ते वाचून घ्या. पुष्कळदा लिहिलेलं नसतं, नुसती रीत असते. तीन, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथं हा विषय मांडा. पंचायतीत आता निम्म्या जागा आपल्या आहेत, त्या बायांनी तिथं तोंड उघडायला हवं. चार, पोरीला बजावून ठेवा, कुणाचा स्पर्श वावगा वाटला तर घरी येऊन सांगायचं. खेळाच्या जागाही 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात येतात, आणि अल्पवयीन मुलांसाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे.

येत्या महिन्यात आमच्या तालमीची बैठक आहे. मी जाणार आहे. 'मावशी, तुम्ही सभासद नाही, बोलता येणार नाही,' असं सांगतील. सांगू देत. मी चाळीस वर्षांच्या वर्गणीच्या पावत्या डब्यातून काढून ठेवल्या आहेत. सगळ्या घरातल्या पुरुषांच्या नावाच्या आहेत, पैसे मात्र माझ्या कोंबड्यांचे आणि शेळ्यांचे. त्या पुढं ठेवीन आणि एवढंच म्हणेन, यातली पुढची पावती माझ्या नातीच्या नावानं फाडा.

काय झालं ते पुढच्या वेळी सांगते. तुमच्या गावी काय आहे ते तुम्हीही केंद्रावर येऊन सांगा. आता उठा, भांडी वाट बघतायत. आणि हो, आज ती एकटीनं घासू नका. घरात पैलवान असेल तर त्यालाही बोलवा.

नमस्कार.