केबिनमधली जागा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात 1996 च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतील आयटी क्षेत्र आणि संधी' असा विषय दिला होता. तो मी बदलून घेतला. आपल्यापैकी निम्म्या जणांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आज ट्रक ड्रायव्हरांबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकांवर कोण हसलं ते मला न बघता कळलं, आवाज तोच आहे.

इंजिनिअर होऊन मी करते काय, तर ट्रकच्या केबिनमध्ये जे यंत्र बसवतात त्याचं सॉफ्टवेअर लिहिते. अमेरिकेत ड्रायव्हरने किती तास गाडी चालवायची याचा कायदा आहे. सलग दहा तास विश्रांती झाली की त्यापुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास चालवायचं. पूर्वी हे वहीत लिहीत, आणि वहीत काय काय लिहिलं जायचं ते तुम्ही ओळखलंच असेल. डिसेंबर 2017 पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना हे यंत्र सक्तीचं झालं. पडद्यावर चार ओळी असतात: सुटी, मागच्या बिछान्यावर झोप, चालवणं, आणि न चालवता केलेलं काम. ड्रायव्हरचा अख्खा दिवस म्हणजे या चार ओळींतून वरखाली जाणारी एक रेघ. मी अशा हजारो रेघा बघितल्या होत्या, पण माणसं फारशी बघितली नव्हती. ती बघायला मिळाली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर जिल्ह्यात.

तिथे मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्यांच्या मातृदिनाला, ट्रकांचा मोठा ताफा निघतो. सुरुवात 1990 ची. एका आजारी मुलाची इच्छा होती की अठरा चाकी ट्रकमध्ये बसावं आणि सीबी रेडिओवरून आपल्या बहिणीशी बोलावं. मोबाईल येण्याआधी ड्रायव्हर एकमेकांशी ज्यावर बोलत, तो हा रेडिओ. एका मुलासाठी निघालेले ट्रक पुढे दरवर्षी निघू लागले आणि त्यांची संख्या शेकड्यांत गेली. ड्रायव्हर आधी आपापल्या ओळखीत निधी गोळा करतात. ज्याने जास्त जमवला, त्याचा ट्रक पुढे. हा निधी 'मेक-अ-विश' संस्थेला जातो. ही संस्था 1980 साली ॲरिझोनात ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला एक दिवस पोलीस करण्यातून उभी राहिली. भारतातही ती 1996 पासून आहे, म्हणजे आपण दहावीला बसलो त्याच वर्षापासून.

आपल्याकडे हे सांगितलं की लोक लगेच 'शेवटची इच्छा' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. मला त्याचा राग येतो. गंभीर आजार आणि शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलांचे कित्येक कॅन्सर आज बरे होतात. पण उपचार दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालतात, आणि तेवढा काळ त्या मुलाला सगळे एकच प्रश्न विचारतात, 'आता कसं वाटतंय?'

मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. काम साधं, मुलांना त्यांच्या ट्रकपर्यंत पोचवायचं आणि वर चढायला हात द्यायचा. एका वर्षी माझ्याकडे नऊ वर्षांची मुलगी होती, केमोने केस गेलेली, टोपी घातलेली. तिचा ड्रायव्हर साठीचा, गुडघे धरून चालणारा. केबिनची पायरी तिला उंच पडेल म्हणून त्याने घरून लाकडी स्टूल आणलं होतं आणि त्यावर गालिचाचा तुकडा ठोकला होता. केबिन इतकी पुसलेली की मी चपला काढाव्यात की काय असं मला वाटलं. तिला काय झालंय हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारलं, "रेडिओवर तुझं नाव काय?" तिथे प्रत्येकाला टोपणनाव लागतं. ती म्हणाली, "पॅनकेक." मग त्याने तिला काम नेमून दिलं. उजवीकडचा आरसा तिचा, मागचा ट्रक जवळ आला की सांगायचं. वाटेत गावागावांत लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात. त्या भागात घोडागाडीने फिरणारे आमिश लोक राहतात, त्यांची मुलंही कुंपणावर बसलेली. मूठ वर करून दोरी ओढल्यासारखा हात खाली आणला की हॉर्न मागितला असा अर्थ होतो. तो कधी द्यायचा हे पॅनकेक ठरवत होती. उतरल्यावर तिने मला पहिली तक्रार केली ती मागच्या ट्रकवाल्याची. तो सारखा जवळ येत होता म्हणे.

या लोकांना बहुतेक वेळा मैलावर पैसे मिळतात. गाडी उभी असली की कमाई उभी. घरी मिळतात महिन्याकाठी मोजके दिवस, आणि त्यातला एक, तोही मातृदिनाचा, ते इथे घालवतात. स्टूलवाल्या आजोबांना दुसऱ्या दिवशी पहाटे ओहायोचा माल उचलायचा होता. मी हिशोब केला, सवयच ती, तर त्यांना जेमतेम दहा तास विश्रांती मिळणार होती. ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं यंत्र सांगेलच ना मला!"

आता इथली गोष्ट. ज्याची आहे त्याला विचारून सांगते आहे, तो समोरच बसला आहे आणि नाव घेऊ नको म्हणाला आहे.

आठवीत आपल्या वर्गातला एक मुलगा वर्षभर गैरहजर होता. बाईंनी हजेरीतलं त्याचं नाव खोडू दिलं नाही, हे तुम्हाला आठवत असेल. त्याला रक्ताचा कॅन्सर होता आणि परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. कराडहून मुंबईला तो आणि त्याची आई जायचे ते आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या ट्रकमधून. मागे गुळाच्या ढेपा, वर ताडपत्री, पुढे केबिनमध्ये हे दोघं. एसटीत त्याला गर्दीचा त्रास व्हायचा, आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला गर्दी धोक्याचीच. एक्सप्रेस वे तेव्हा नव्हता. खंबाटकी चढायचा, पुणं ओलांडायचं, खंडाळा उतरायचा, अख्खी रात्र जायची. मी त्याला फोनवर विचारलं, काय आठवतं? म्हणाला, "सुया विसरलो. खंबाटकीच्या वळणांवर हॉर्न वाजवायचं काम माझं होतं, ते आठवतं. क्लीनरला काका म्हणायचे, तू झोप, आज हा आहे."

काका आता ऐंशीला आले आहेत, प्रवास झेपत नाही म्हणून आले नाहीत. परवा मी त्यांना घरी जाऊन भेटले. म्हणाले, "त्यात काय एवढं पोरी, गाडी तिकडंच चालली होती." भाडं कधी घेतलं नाही. क्लीनरला मात्र त्या खेपांचा पूर्ण भत्ता दिला, हे त्यांनी नाही, काकूंनी सांगितलं.

आपल्या तुकडीच्या निधीतून शाळेला कमान बांधायची असं ठरतं आहे. कमानीला माझा विरोध नाही, जरा लहान बांधा इतकंच म्हणणं आहे. आपल्यातले तिघं वाहतुकीच्या धंद्यात आहेत, आणि सगळ्यांच्या मिळून गाड्या बऱ्याच आहेत. वर्षातला एक रविवार, आपल्या भागात उपचार घेणारी मुलं, आणि प्रत्येकाला केबिनमध्ये जागा. डॉक्टरांची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही मूल घ्यायचं नाही. धूळ आणि गर्दी टाळायची, मास्क, पट्टा, पाणी, आणि मागे एक डॉक्टर गाडीसह. आपल्या वर्गात डॉक्टर पाच आहेत, त्यांनी आपसात भांडून ठरवावं. भाषणं, हारतुरे, मुलांना रांगेत उभं करून फोटो, यातलं काही नको. आणि ड्रायव्हरना त्या दिवसाची पूर्ण रोजी मालकाने द्यायची. रविवार त्यांनी द्यावा, पगार नव्हे. मालक मंडळी खाली बघताहेत, ते मला इथून दिसतंय.

चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. गाडी, ड्रायव्हर, वेळ किंवा पैसे, ज्याला जे जमेल ते लिहा. पहिलं नाव लिहून झालं आहे. अक्षर अजून तसंच आहे, बाई, तुम्ही लगेच ओळखाल.