वस्त्रे आणि व्रत

गेल्या सुटीत माझा नातू बीडला आला होता. एके रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली आणि त्याच्या आग्रहाखातर एक अमेरिकन चित्रपट सुरू झाला. चित्रपटाचे नाव 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', प्रदर्शनाचे साल २०२५. अर्धा तास लोटला नसेल, तोच आमचे चिरंजीव रुसून उठले. मी विचारले, "का रे, काय झाले?" तो म्हणाला, "आजोबा, हा खरा कॅप्टन नाहीच. ढाल तीच आहे. पण माणूस दुसराच आहे!"

मी त्या वेळी हसलो. परंतु अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. ढाल तीच, माणूस दुसरा! अहो, ही तक्रार का केवळ एका मुलाची आहे? गादीवर नवा पुरुष बसला, शाळेत नवे गुरुजी आले, घराच्या किल्ल्या सुनेच्या कमरेला गेल्या, की हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांनी प्रत्येक पिढी उच्चारीत आली आहे. म्हणून आज या विषयावर आपल्याशी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकच पात्र निरनिराळ्या नटांनी वठवावयाचे, ही एक रीत. जेम्स बाँड नावाचा गुप्तहेर १९६२ सालापासून पडद्यावर आहे. नट बदलले, पण बाँड तोच राहिला. दुसरी रीत याहून कठीण. तीत नटाबरोबर पात्रही बदलते. जुना वीर कथेतच वृद्ध होतो किंवा मरण पावतो, आणि त्याचे नाव, त्याचा वेष व त्याचे शस्त्र एका वेगळ्या माणसाच्या हाती येते. लोकांनी ज्याच्यावर जीव लावला तो गेला आणि त्याचा अंगरखा तेवढा मागे राहिला, असा हा प्रसंग असतो.

या प्रसंगासाठी आमच्या मराठीत एक नेमका शब्द आहे. तो म्हणजे वस्त्रे. पेशवाई 'मिळाली' असे जुने लोक म्हणत नसत. पेशवाईची वस्त्रे मिळाली, असे म्हणत. आणि या वस्त्रांची खरी कसोटी कोठे लागली म्हणाल, तर आमच्या बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनाजवळ, गोदावरीच्या काठी.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. गादीचा वारस म्हणून ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागले होते तो विश्वासराव रणांगणी पडला. जूनमध्ये नानासाहेब पेशवे निवर्तले. जुलैमध्ये साताऱ्यास माधवरावास वस्त्रे मिळाली, तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. म्हणजे ज्याची अपेक्षा कोणी केली नव्हती, असा हा वारस! वस्त्रे पुतण्याच्या अंगावर आली खरी. पण सत्ता मात्र चुलते रघुनाथराव यांस सोडवेना. १७६२ च्या अखेरीस ते निजामाच्या साहाय्याने पुतण्यावर चालून आले, आणि आळेगाव येथे माधवरावास त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले. वस्त्रे एकाची, हुकूम दुसऱ्याचा, असा तो काळ होता.

पुढे निजामाशीच बिनसले. १७६३ च्या ऑगस्ट महिन्यात निजामअलीचे सैन्य गोदावरी उतरत होते. निजाम पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह अलीकडच्या तीरावर राहिला होता. १० ऑगस्टला राक्षसभुवनाजवळ लढाई जुंपली. रघुनाथराव शत्रूच्या कचाट्यात सापडले, आणि त्यांच्या साहाय्यास धावून गेला तो हाच अठरा वर्षांचा पुतण्या. विठ्ठल सुंदर मारला गेला. मराठ्यांचा जय झाला. त्यानंतर कारभार हळूहळू माधवरावाच्या हाती आला, तो कायमचाच. वस्त्रे साताऱ्यास मिळाली होती. पेशवा तो राक्षसभुवनास झाला. ज्या चुलत्याने वाट अडविली, त्याचाच बचाव करून झाला, हे विशेष.

आता पुन्हा पडद्याकडे वळू. वेषांतर करून दुष्टांस शासन करणारा वीर हा काही परदेशातून आलेला पाहुणा नव्हे. मुंबईच्या वाडिया बंधूंनी १९३५ साली 'हंटरवाली' नावाचा बोलपट काढला. त्यात एक राजकन्या तोंडावर मुखवटा चढवून व हाती चाबूक घेऊन घोड्यावरून दौडते आणि अन्यायी प्रधानाचा समाचार घेते. ही भूमिका करणारी नादिया जन्माने ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरची. तिच्या चाबकाच्या फटकाऱ्याने प्रेक्षक वेडे झाले. १९४३ साली त्याच परंपरेतील 'हंटरवाली की बेटी' आला. म्हणजे चाबूक पुढील पिढीच्या हाती देण्याची युक्ती आपल्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीच योजिली गेली होती. मात्र एक गंमत पाहा. नावात बेटी असली, तरी पडद्यावर प्रमुख भूमिकेत पुन्हा नादियाच होती! वारसा देण्याचे निर्मात्याने कथेत कबूल केले. नवा चेहरा पुढे करण्याचे धैर्य मात्र त्यास झाले नाही. लोकांस नवे नाव चालेल, पण ओळखीचा चेहरा हवा, हे त्याने अचूक जाणले होते.

याच्या अगदी उलट युक्ती फँटमच्या कथेत आढळते. आमच्या पिढीतील कित्येकांनी इंद्रजाल कॉमिक्सच्या पातळ पुस्तकांतून ही कथा वाचली असेल. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली हा वीर निर्माण केला. १५३६ सालच्या एका पुरुषाने समुद्रावरील चाच्यांशी लढण्याची शपथ घेतली, आणि तेव्हापासून बापामागून मुलगा तोच वेष चढवीत आला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातील लोकांस वाटते की हा एकच पुरुष आहे व त्यास मरण नाही. म्हणजे येथे वारसा आहे, पण तो लपविलेला. बापाचा मृत्यू झाकून मुलाने बाप म्हणून जगावयाचे! ही कल्पना रम्य खरी. परंतु त्या मुलाच्या मनाचा कोणी विचार केला आहे काय? त्याला स्वतःचे असे नावच उरत नाही.

आणि आता नातवाच्या तक्रारीकडे येतो. त्या रात्रीनंतर मी त्याच्याकडून मागील सारी कथा समजावून घेतली, एवढेच नव्हे तर पुष्कळशी पाहिलीही. मूळ कॅप्टन अमेरिका हा स्टीव्ह रॉजर्स. त्याच्या अंगी औषधाच्या योगाने अचाट बळ आलेले. २०१९ सालच्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' या चित्रपटाच्या शेवटी तो वृद्ध होऊन येतो व आपली ढाल सॅम विल्सन या मित्राच्या हाती देतो. सॅम हा कृष्णवर्णीय. त्याने ते औषध घेतलेले नाही. यांत्रिक पंख लावून उडणारा हा साधा सैनिक. ढाल हाती घेताच ती आपली नव्हे, परक्याची आहे, असे त्याला वाटते.

पुढील कथा २०२१ सालच्या मालिकेत आली आहे, आणि माझ्या मते सर्व मर्म तेथेच आहे. सॅम ती ढाल संग्रहालयास देऊन टाकतो. सरकार ती उचलते आणि जॉन वॉकर नावाच्या एका पदकविजेत्या सैनिकास देते. गणवेष झाला, वाद्ये वाजली, सत्कार झाला. वस्त्रे देण्याचा विधी यथासांग पार पडला. पण मित्र मारला गेल्याच्या संतापात हा नवा कॅप्टन शरण आलेल्या माणसास भर चौकात त्याच ढालीने ठार करतो, आणि ती रक्ताने माखते. दुसरीकडे सॅमला आयझेया ब्रॅडली नावाचा एक कृष्णवर्णीय वृद्ध सैनिक भेटतो. त्याच्यावरही त्या औषधाचे प्रयोग झाले होते. त्यानेही पराक्रम केला होता. पण त्याला ढाल नव्हे, तुरुंग मिळाला. तो सॅमला बजावतो की हे लोक तुला कधीही आपला म्हणणार नाहीत. हे सर्व ऐकून, समजून, मग सॅम ढाल पुन्हा उचलतो. या वेळी ती कोणी दिली म्हणून नव्हे. तिचे ओझे किती आहे हे कळल्यावरही, म्हणून. तीच ढाल त्याच्याजवळ पूर्वीही होती. पण तेव्हा ती भेट होती, आता ते व्रत झाले.

सत्यसृष्टीतील मृत्यूनेही हा प्रश्न एकदा उभा केला. 'ब्लॅक पँथर' या २०१८ सालच्या चित्रपटाचा नायक चॅडविक बोजमन २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने वारला. वय अवघे त्रेचाळीस. निर्मात्यांनी त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही. २०२२ च्या पुढील चित्रपटात राजाचाच मृत्यू दाखविला आणि वेष त्याची बहीण शुरी हिच्याकडे गेला. प्रेक्षकांस रडण्यास अवसर दिला, तेव्हा कोठे त्यांनी बहिणीचा स्वीकार केला. पण तीही वेष चढविते ती प्रथम सूडाने पेटूनच. शत्रू पायाशी पडला असता ती हात आवरते, त्या क्षणी ती भावाची खरी वारस ठरते.

आपल्याकडील 'क्रिश' या २००६ सालच्या चित्रपटातही एक लहानसा प्रसंग आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. खरा वीर आपली ओळख लपवून क्रिस्टियन नावाच्या गरीब सर्कसवाल्यास पुढे करतो, कारण त्याच्या बहिणीच्या शस्त्रक्रियेस पैसा हवा असतो. लोक त्यालाच क्रिश समजतात, सत्कार होतो. पण शत्रूही त्यालाच क्रिश समजतो, आणि तो बिचारा प्राणास मुकतो. मुखवट्याचा मान ज्याने घेतला, त्याला मुखवट्याचे मरणही घ्यावे लागले.

हे सर्व पाहून मला माझीच एक चूक आठवली. ती सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. मी तरुणपणी एका खेड्यातील शाळेवर रुजू झालो, तो एका अत्यंत लोकप्रिय गुरुजींच्या जागी. मुले उठल्यासुटल्या म्हणत, "आमचे गुरुजी असे शिकवीत नसत." मी त्यांच्यासारखे पाढे गाऊन घेण्याचा यत्न केला, मुले हसू लागली. वर्ष फुकट गेले. पुढे मी माझ्या पद्धतीने, मुलांना बांधावर नेऊन, शेत मोजावयास लावून गणित शिकवू लागलो, तेव्हा ती कुरकुर थांबली. येथवर ठीक. पण निवृत्त झाल्यावर मी काय केले? दर आठवड्यास शाळेत जाऊन बसू लागलो. माझ्या जागी आलेल्या बाई वर्ग घेत असता मधूनच म्हणे, "हे असे नव्हे, असे सांगावे." बाई बिचाऱ्या गप्प राहत. एके दिवशी पत्नीने शांतपणे विचारले, "तुम्ही निवृत्त झाला आहात ना?" त्या दिवशी मला रघुनाथराव आठवले, आणि मी मनातून खजील झालो.

श्रोतेहो, घेणाऱ्याची परीक्षा सर्वांस दिसते. देणाऱ्याची परीक्षा कोणास दिसत नाही, पण ती अधिक कठीण असते. हातातील वस्तू देणे सोपे. तिच्यावरील डोळा काढून घेणे अवघड.

आमच्या मराठवाड्यातील एक उदाहरण सांगून हे भाषण पुरे करतो. प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग गाजविला. एकट्याने ५२ व्यक्तिरेखा उभ्या करण्याचा हा विक्रम गिनीज बुकातही नोंदला गेला. २००९ साली ते गेले, तेव्हा हे वऱ्हाड आता कायमचे थांबले, असेच पुष्कळांना वाटले. पुढे आमच्या माजलगावचे संदीप पाठक यांनी ते पुन्हा वाटेला लावले. संहिता तीच, माणसे तीच, आमची मराठवाडी बोली तीच. पण हसविणारा माणूस दुसरा. आणि प्रेक्षागृह हसते! ते हसू जुन्या नटाचा अपमान करीत नाही. उलट त्याचे काम जिवंत असल्याची ती पोचपावती आहे.

नातवाला मी हेच सांगितले. म्हटले, "बाळ, ढाल तीच आणि माणूसही तोच, असे कधी होत नाही. तोच माणूस हवा असेल, तर ढाल संग्रहालयात ठेवावी लागते. ती लोकांच्या उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर दुसऱ्या माणसाला ती त्याच्या पद्धतीने धरू दिली पाहिजे." त्याला हे कितपत पटले, कोण जाणे. मात्र दुसऱ्या रात्री त्याने तोच चित्रपट पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. मीही मध्ये एक शब्द बोललो नाही.